भोजचे फडणीस

व्यंगचित्रकार शि. द. फडणीस म्हटलं की लोक लगेच पुणं म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, आयुष्य तिकडंच गेलं त्यांचं. पण माणूस मूळचा आपल्या भोजचा. निपाणीजवळचं भोज, दूधगंगा-वेदगंगेच्या काठचं, तंबाखूच्या पट्ट्यातलं गाव. २९ जुलै १९२५ चा जन्म, म्हणजे तेव्हा हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात होता, १९५६ ला आम्हाला म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, घातलं ती नंतरची गोष्ट. २०२५ ला त्यांची शंभरी झाली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांची चित्रं फिरली खूप, पण निम्म्या लोकांना ते आपल्याच जिल्ह्यात जन्मलेले हे माहीतच नव्हतं, बेळगावच्या लोकांना! तेव्हापासून डोक्यात होतं की यावर एकदा नीट लिहायचं.

शिक्षण कोल्हापुरात आणि मग मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, तिथं कमर्शियल आर्ट. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण जाहिरातीचं चित्र शिकलेल्या माणसाला पक्कं माहीत असतं की स्टॉलवर वीस मासिकं टांगलेली असताना माणसाची नजर आपल्यावर थांबली पाहिजे आणि तेही क्षणात. पुढं हंस, मोहिनी, नवल ही मासिकं काढणारे संपादक अनंत अंतरकर भेटले आणि मुखपृष्ठावर रंगीत विनोदी चित्र छापायला लागले. त्या काळात मासिकाच्या कव्हरवर म्हणजे नटून बसलेली देखणी बाई असायची, एवढंच. तिथं विनोद आणून बसवायचा म्हणजे संपादकाचीसुद्धा छाती पाहिजे, अंतरकरांना त्याबद्दल मानलं पाहिजे.

ते मांजर-उंदराचं चित्र आठवतंय का? पन्नासच्या दशकाच्या सुरवातीचं, मोहिनीचं. एक तरुण आणि एक तरुणी शेजारी शेजारी उभे, एकमेकांशी काही संबंध नाही असं दाखवत. तिच्या साडीवर उंदरांचं डिझाइन, त्याच्या बुशशर्टवर मांजरांचं. बस्स, एवढंच. पण आधी तुम्ही माणसं बघता, मग कापड बघता, मग परत माणसांकडं जाता आणि तेव्हा कळतं की ह्या दोघांच्या मनातलं सगळं त्या कपड्यांवर चाललंय. तोंडं मात्र अगदी साधी सरळ, दोघांपैकी कुणी हसत नाही. फडणीसांच्या चित्रातली माणसं बहुतेक अशीच असतात, आपल्या कामात गुंग, आपल्या भोवती काय गंमत झालीय ह्याचा त्यांना पत्ताच नसतो, हसायचं काम सगळं बघणाऱ्यावर सोडलेलं. आणि रेषा इतकी स्वच्छ की एक जास्तीची दिसणार नाही, रंग सपाट आणि टवटवीत.

आणि मुख्य म्हणजे खाली ओळ नाही. त्यांची बहुतेक चित्रं शब्दाशिवायची आहेत. आता हे आपल्या भागात बसून बघा. आमच्या घरी दिवाळी अंक वाचनालयातून यायचे, आणि शेजारच्या अक्का बैलहोंगलकडच्या, घरात पक्कं कन्नड, मराठी बोलायच्या पण वाचता येत नव्हतं. आईनं मोहिनी आणून ठेवला की त्या आधी तो उचलायच्या, "एन री इदु" (काय हो हे) म्हणत चष्मा पुसून कव्हर बघत बसायच्या आणि मग एकदम पदर तोंडाला लावून हसायच्या. आजी आतून विचारायची, "काय हसूलालीस गं?" तर अक्का नुसतं चित्र पुढं करायच्या. त्यांना काही समजावून सांगायची गरज कधीच पडली नाही. आमच्या इथं दुकानाच्या पाट्या मराठीत की कन्नडमध्ये यावरून काय काय होतं ते मी वेगळं सांगायला नको, त्याच गल्लीत हे एक कव्हर दोन्ही घरांत सारखं चालायचं. म्हणून मला मनापासून वाटतं की फडणीस हे पुण्यामुंबईइतकेच, कदाचित जास्तच, सीमाभागाचे चित्रकार आहेत.

दशकानुदशकं हे काम चाललं. मासिकांची कव्हरं, आतली चित्रं, पुस्तकं, आणि हसरी गॅलरी नावानं प्रदर्शनं. व्यंगचित्र फ्रेम करून आर्ट गॅलरीत लावायचं आणि लोकांनी फिरत फिरत हसायचं, ही सवय मराठी माणसाला लावण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतली चित्रंही त्यांची. ती मात्र आम्हाला शाळेत मिळाली नाहीत, कारण इथल्या मराठी शाळांना पुस्तकं कर्नाटक सरकारची. माझा मावसभाऊ चंदगडचा, म्हणजे महाराष्ट्रातला, सुट्टीला गेलो की त्याचं गणिताचं पुस्तक मी गोष्टीच्या पुस्तकासारखं चाळायचो, गणितं सोडून सगळं बघायचो. तासाभराच्या अंतरावरच्या पोराला ती चित्रं रोज आणि भोज ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या पोरांना नाहीत, हे मला अजून लागतं.

आत्मचरित्र आहे त्यांचं, रेषाटन नावाचं, मिळालं तर जरूर वाचा. पण खरं सांगायचं तर आधी चित्रंच बघा, मोबाईलवर सरकवत नको, कागदावर, आणि घरातल्या लहान पोराला शेजारी घेऊन. पोरं आपल्या आधी पकडतात गंमत.

माझं एवढंच म्हणणं आहे की बेळगावात किंवा निपाणीत, भोजला झालं तर फारच उत्तम, त्यांच्या चित्रांची एक कायमची खोली व्हावी. मोठी इमारत नको, एखाद्या वाचनालयाची एक भिंत दिली तरी चालेल, पाटी कुठल्या भाषेत हा वाद तरी तिथं कुणी घालू नये, चित्रांना पाटीच लागत नाही. ज्यांच्या माळ्यावर मोहिनी, हंसचे जुने अंक पडलेत त्यांनी रद्दीत घालू नका, मला कळवा, मी निपाणीपर्यंत येऊन घेऊन जाईन, आणि द्यायचे नसतील तर निदान कव्हरांचे चांगल्या उजेडात फोटो तरी काढून पाठवा.