हजेरीची सक्ती नेमकी कोणावर?

जून उजाडला की ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन प्रकारचे संदेश फिरू लागतात. घोडबंदर रस्त्यावर वाहनांची रांग कुठपर्यंत आली आहे याचे, आणि शाळेने पाठवलेल्या हजेरीच्या परिपत्रकाचे. यंदा आमच्या भागातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेच्या परिपत्रकात तीन गोष्टी होत्या: ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्या विद्यार्थ्याला वरच्या वर्गात घातले जाणार नाही, तीनदा उशीर झाल्यास एक दिवसाची गैरहजेरी धरली जाईल, आणि न कळवता सलग पंधरा दिवस गैरहजर राहिल्यास नाव पटावरून कमी केले जाईल. हे सगळे पहिलीपासून दहावीपर्यंत सरसकट लागू होते. पालक-शिक्षक संघाच्या सभेत त्यावर पुष्कळ बोलणे झाले, पण बहुतेकांचा सूर 'शाळेचा नियम आहे, आपण काय करणार' असाच होता. माझे मत वेगळे आहे. पहिली ते आठवीच्या मुलांपुरता विचार केला तर या परिपत्रकातली एक धमकी कायद्याच्या थेट विरोधात आहे, दुसरीला कायद्याचा आधार नाही आणि तिसऱ्या नियमाचा भार चुकीच्या खांद्यावर टाकलेला आहे.

आधी ७५ टक्क्यांचा आकडा कुठून आला ते पाहू. तो मुळात बोर्डाच्या परीक्षांचा आहे. दहावी आणि बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी सीबीएसई ७५ टक्के हजेरी मागते, आणि दीर्घ आजार, आईचा किंवा वडिलांचा मृत्यू, राष्ट्रीय पातळीवरच्या क्रीडास्पर्धा अशा कारणांसाठी, वेळेवर कागदपत्रे दिली असतील तर, त्यात सूटही देते. आपल्या राज्य मंडळाचीही ७५ टक्क्यांची अट आहे, आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी १७ नंबरच्या अर्जाची, म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याची, वेगळी वाट आहे. थोडक्यात, जिथे परीक्षा घेणारी संस्था शाळेबाहेरची आहे तिथे हा आकडा कामाचा आहे. तो उचलून दुसरी-तिसरीच्या मुलांना लावण्याची पद्धत मात्र शाळांनी आपापल्या सोयीने पाडलेली आहे.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा कायदा निराळा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाला मूलभूत हक्क ठरवणारा अनुच्छेद २१-क आला, २००९ मध्ये बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या कायद्यातली सक्ती कोणावर आहे हे बहुतेक पालकांनी कधी वाचलेलेच नसते. कलम ८ मध्ये ते स्पष्ट लिहिले आहे: प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची उपस्थिती आणि त्याचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होणे याची खातरजमा करणे हे शासनाचे बंधन आहे. कलम ९ हेच काम स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्याकडे महानगरपालिकेवर, सोपवते. कलम २४ नुसार मुलाच्या उपस्थितीतील नियमितपणा, त्याची शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांबद्दल पालकांच्या नियमित बैठका घेऊन त्यांना माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पालकांचे कर्तव्य कलम १० मध्ये एका वाक्यात येते: मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करावे किंवा करवून घ्यावे. ते पाळले नाही म्हणून पालकाला दंड करण्याची तरतूद या कायद्यात नाही.

नेहमी असे नव्हते. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी शेतातले हात कमी होऊ नयेत म्हणून मुलगा घरी ठेवला जाई, आणि महाराजांना ती सवय मोडायची होती. आपल्या शासनाने पुढे उलट वाटही चोखाळली. ३ जानेवारी १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या, पहिली ते चौथीच्या मुलींना हजर राहिल्याच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना सुरू झाली. इतक्या वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, हा रुपया मात्र चेष्टेचा विषय झाला. तरीही एका गोष्टीसाठी मला ही योजना महत्त्वाची वाटते: हजेरी वाढवायची असेल तर घराची अडचण बघावी लागते, हे तिने मान्य केले होते.

आता परिपत्रकाकडे. नाव पटावरून कमी करण्याची धमकी सर्वांत गंभीर आहे आणि सर्वांत पोकळही आहे. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मूल महिनाभराहून अधिक काळ सतत गैरहजर राहिले तर आपल्या राज्यात ते 'शाळाबाह्य' गणले जाते; म्हणजे त्याला शोधून परत वर्गात आणण्याचे काम तिथून सुरू होते. त्यासाठीच शाळांमधून 'बालरक्षक' नेमले गेले. जे मूल शोधायचे त्याचेच नाव शाळेने खोडायचे, हे उफराटे आहे.

वरच्या वर्गात न घालण्याचे थोडे गुंतागुंतीचे आहे. मूळ कायद्यात आठवीपर्यंत कोणालाच मागे ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीसाठी मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. आता या दोन वर्गांत वार्षिक परीक्षेत नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागते, आणि त्यातही ते नापास झाले तरच त्याच वर्गात ठेवता येते. कायद्यातले कारण परीक्षेचे आहे. हजेरीचा टक्का हे कारण त्यात कुठेही नाही, आणि पाचवी-आठवी सोडून इतर वर्गांत तर परीक्षेचेही कारण चालत नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा लागेल, कारण ठाण्यात अशा शाळा बऱ्याच आहेत. २०१४ च्या प्रमती प्रकरणातल्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने २०२५ मध्ये हा विषय वर पाठवला आहे. तोवर अशा शाळेतल्या पालकांना कलम १६ दाखवून भांडता येणार नाही.

उशिराच्या नियमाचा मला मनापासून राग आहे. सकाळी सातच्या शाळेसाठी सव्वासहाला बसथांब्यावर उभे असलेले दुसरीतले मूल मेट्रोच्या कामापायी अडकलेल्या बसमध्ये बसून पावणेआठला शाळेच्या दारात पोहोचते, आणि तिथे रखवालदार मुलाच्या शाळेच्या डायरीत लाल शिक्का मारतो. नंतर अशा मुलांची एक रांग प्रार्थना संपेपर्यंत फाटकाशी उभी राहते. पावसात दप्तर छातीशी धरून ती उभी असतात आणि वर्गात शिरताना 'आज पुन्हा?' हा प्रश्न सर्वांसमोर ऐकतात. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते आणि तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करायला सांगते. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतले अठ्ठाविसावे कलम या दोन्ही गोष्टी एकत्र सांगते: नियमित उपस्थितीला प्रोत्साहन द्यावे, आणि शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धक्का न लावता राखावी. बस शाळेची असेल तर उशीरही शाळेचाच धरायला हवा. पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला होता. त्याकडे किती शाळांनी पाहिले हे सकाळी सहाच्या सुमारास घोडबंदरला उभे राहिले की कळते.

शंभर टक्के हजेरीच्या प्रशस्तिपत्रकाबद्दलही बोलायला हवे. स्नेहसंमेलनात सोनेरी अक्षरांचा कागद मिळतो म्हणून ताप अंगावर काढून येणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि कांजिण्यांच्या साथीत अख्खा बाक कसा रिकामा होतो हे शिक्षकांना चांगले ठाऊक असते. आजारी मुलाने घरी राहणे ही इतर चाळीस मुलांचीही गरज आहे. हे प्रशस्तिपत्रक बंद करावे असे मी सभेत म्हटले, तेव्हा सर्वाधिक विरोध पालकांकडूनच झाला.

पालकांच्या बाजूने इतके लिहिल्यावर पालकांनाही सुनावायला हवे. शाळा सुरू झाल्यावर आठवडाभर गावीच राहणे, गणपतीच्या सुट्टीला दोन्ही बाजूंनी चार-चार दिवस जोडणे, स्वस्त विमानतिकिटासाठी परीक्षेच्या तोंडावर सहल ठरवणे आणि वर शाळेला खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र देणे हे आपल्यात सर्रास चालते. हजेरी हा मुलाचा हक्क आहे असे म्हटले की तो हिरावून घेण्याचा अधिकार आई-वडिलांनाही उरत नाही. प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे असे कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्यातले वीस-पंचवीस दिवस आपण हौसेपायी कमी केले, तर भागाकार आणि अपूर्णांक यांच्यामध्ये कुठेतरी पडलेली फट सातवीत उघडी पडते.

आपल्या शहरातला एक खास प्रकार बालकलाकारांचा. घोडबंदरच्या परिसरात मालिकांचे चित्रीकरण चालते आणि वर्गातले एखादे मूल अधूनमधून महिनाभर दिसेनासे होते. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार अशा मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम करवता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काळ कामावर ठेवता येत नाही, आणि त्याचा अभ्यास खंडित होणार नाही याची व्यवस्था निर्मात्याला करावी लागते. पालकांनी हे करारावर सही करण्यापूर्वी वाचलेले बरे.

ज्यांच्याकडे टक्केवारीची चर्चा करायलाही वेळ नसतो, त्यांच्यासाठी या शहराने एक चांगली गोष्ट केली आहे. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणारी मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्या दाराशी गेली. भिवंडी-शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. ते दाखवून मूल दुसऱ्या गावच्या शाळेत त्याच वर्गात बसू शकते. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही हे तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे.

परिपत्रकावर काय करावे, असे अनेकांनी विचारले. आधी वर्गशिक्षिकेशी बोलावे, कारण तिला बहुधा हा नियम वरून आलेला असतो आणि मुलाची अडचण तिच्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. मूल आजारी असेल तर त्याच दिवशी लेखी कळवावे, मोठी रजा हवी असेल तर खरे कारण लिहून आधी अर्ज द्यावा. तरीही नाव कमी करण्याची किंवा मागे ठेवण्याची भाषा थांबली नाही तर मुख्याध्यापकांना कलम १६ चा उल्लेख करून पत्र द्यावे, आणि त्याचे उत्तर आले नाही तर कलम ३२ खाली महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करावी. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये, कारण त्या तीन महिन्यांचा हिशेब मागायची वेळ आली तर दाखवायला तेवढाच कागद आपल्याकडे असतो.