पावसात समुद्राकडे, ओहोटीच्या वेळेने

शनिवारी पहाटे आम्ही दोघी बहिणी निघालो, तेव्हा आदल्या रात्रीपासून लागलेला पाऊस थांबलेला नव्हता. तरीही बेत पुढे ढकलावा असे दोघींपैकी कुणालाच वाटले नाही. कारण ज्या लहानशा किनारी गावाला जायचे होते, तिथली शांतता गर्दीचा हंगाम सरल्यावरच अनुभवायला मिळते.

पावसातल्या प्रवासाची तयारी मी मनापासून करते. टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात असा नियम अनेक देशांत आहे, पण ओल्या रस्त्यावर तेवढ्यावर विसंबणे मला पटत नाही, म्हणून चारही टायर आधीच बदलून घेतले होते. एवढे करूनही, एका उताराच्या पायथ्याशी साचलेल्या पाण्यात गाडी शिरली आणि स्टिअरिंग एकाएकी हातात हलके झाले. खाचांतून बाहेर पडू शकेल त्याहून अधिक पाणी चाकाखाली आले की टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगू लागतो, आणि अशा वेळी ब्रेक दाबणे फार घातक असते. “ब्रेक नको, नुसता पाय काढ,” ताई शेजारून शांतपणे म्हणाली. मी तसे केले. दोन क्षणांत चाकांनी पुन्हा रस्ता धरला. त्यानंतर मी ताशी ४० किलोमीटरच्या वर गेले नाही, आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर राखले.

गावात पोहोचेपर्यंत दुपार झाली. रस्ते रिकामे होते, खिडक्या बंद होत्या.

अमावास्या होऊन दोनच दिवस झाले असल्याने समुद्राला उधाण होते. उधाणात पाणी जेवढे वर चढते, तेवढेच ओहोटीला दूरही जाते, आणि किनाऱ्यावर निर्धास्त चालता येते ते त्याच वेळी. शनिवारची ओहोटी दुपारी पावणेपाचची होती, पण तेव्हा पाऊस इतका कोसळत होता की समोरचे काही दिसेना. त्या वेळेत साधारण १२ तास २५ मिनिटे मिळवली की पुढची ओहोटी येते, म्हणजे रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. हा हिशेब ताईने केला, आणि गजरही तिनेच लावला.

उजाडू लागले तेव्हा आम्ही वाळूवर होतो. पाऊस विरळ झाला होता. ओल्या, घट्ट वाळूवर प्रत्येक थेंबाने कडा किंचित उचललेला एक बारीक खळगा पाडला होता, आणि पाण्याच्या रेषेजवळ पिवळसर फेसाचे पुंजके वाऱ्याने थरथरत होते. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचे कुजलेले अंश लाटांनी घुसळले गेले की असा दाट फेस होतो. तो बराच वेळ विरत नाही. ताई त्यातल्या एका पुंजक्याजवळ उकिडवी बसून राहिली. पाणी परत चढू लागले आणि खळग्यांची पहिली ओळ लाटेखाली गेली, तेव्हा ती उठली.