आमच्या आठवीच्या पोरांनी यंदा काय केलं

यंदा आमच्या शाळेच्या पोरांनी नाद खुळा कामगिरी केलीय आणि ती कुठंतरी नीट लिहून ठेवावी असं निकाल लागल्यापासून मनात घोळतंय. मी आठवी-नववीला गणित शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, कोल्हापुरातल्या जुन्या पेठांच्या बाजूला. आमच्याकडं येणारी पोरं कुणाची म्हणाल तर शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत जाणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची, धुणंभांडी करणाऱ्या मावश्यांची, काही चिखली-आंबेवाडीकडनं केएमटीच्या बसनं येणारी.

फुटबॉलपासून सुरू करते, कोल्हापुरात दुसरं कशापासून करणार. सतरा वर्षांखालची पोरांची टीम शहरातल्या शालेय स्पर्धेत फायनलला गेली आणि पेनल्टीवर हरली, वाईट वाटलं, पण खेळली झक्कास. मला जास्त कौतुक पोरींच्या टीमचं आहे कारण ती यंदा पहिल्यांदाच मैदानात उतरली. आमचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडनं खेळला तेव्हापासून पोरांच्या आईबापांना फुटबॉलमध्ये काहीतरी होऊ शकतं हे पटलंय, पण पोरीनं खेळायचं म्हटलं की अजून दहा प्रश्न येतात, कुठं खेळणार, किती वाजता परत येणार, शॉर्ट्स घालायची का. कॅप्टन पोरीच्या आजोबांनीच हा विषय मिटवला. सगळं आयुष्य शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आपल्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमसाठी ओरडलेला माणूस, ते घरी म्हणाले, "आमच्या घरात पहिल्यांदा कोण तरी पायऱ्या सोडून खाली मैदानात उतरालंय, जाऊ दे तिला." पहिली मॅच चार-शून्यनं गेली, दुसरी बरोबरीत सुटली, आणि आता सहावीच्या पोरीसुद्धा सुट्टीत बॉल मागायला येतात.

चित्रकलेच्या सरकारी इंटरमिजिएट परीक्षेत चार पोरांना ए ग्रेड मिळाली. ए ग्रेडला दहावीला सात मार्क वाढून मिळतात, त्यामुळं घरचेही खूश आणि आमचे ड्रॉइंगचे सर तर विचारूच नका. वक्तृत्व, निबंध, समूहगीत यातही बक्षिसं आली, ती सगळी फलकावर आहेत.

इन्स्पायर अवॉर्डबद्दल मात्र सांगायलाच पाहिजे. केंद्र सरकारची ही योजना, शाळेनं पोरांच्या पाच आयडिया ऑनलाइन पाठवायच्या, त्यातली निवडली गेली तर मॉडेल बनवायला त्या पोराच्या खात्यावर १०,००० रुपये येतात. आमची एक आयडिया निवडली गेली, आणि ती पाठवणारा पोरगा पूरपट्ट्यातल्या गावचा आहे. कोल्हापूरच्या माणसाला पावसाळ्यात दोन आकडे तोंडपाठ असतात, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट पाणी म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा हा पोरगा पहिली-दुसरीत असेल, आणि त्याच्या डोक्यात काय राहिलं तर रात्री गोठ्यात पाणी शिरलं आणि म्हशी सोडायला उशीर झाला. बंधाऱ्याचा आकडा मोबाइलवर येतो पण आमच्या गोठ्यात पाणी कधी येणार ते त्यावरनं कळत नाही मॅडम, असं तो म्हणाला. म्हणून त्यानं गोठ्याच्या बाहेर पुरायचा एक पाइप केलाय, आत तरंगणारा चेंडू, पाणी ठरावीक खुणेपर्यंत आलं की चेंडू वर येऊन स्विच दाबतो आणि घरात घंटा वाजते. चार्जिंगच्या बॅटरीवर चालतो, कारण पुरात पहिली जाते ती लाइट. विज्ञानाच्या मॅडमनी त्याला फक्त सर्किट तपासून दिलं, बाकी सगळं त्याचं.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते सांगते. एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार पोरांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीत होणारी ही परीक्षा बऱ्याच लोकांना माहितीच नसते. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, सातवीत ५५ टक्के पाहिजेत, एससी-एसटीच्या पोरांना ५० चालतात, आणि शाळा सरकारी, पालिकेची, झेडपीची नाहीतर अनुदानित पाहिजे. दोन पेपर, बुद्धिमत्तेचा मॅट आणि विषयांचा सॅट, दोन्हीला ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला १,००० म्हणजे वर्षाला १२,००० रुपये थेट पोराच्या खात्यावर. अख्ख्या महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे, म्हणजे नुसतं पास होऊन भागत नाही, मेरिटमध्ये यावं लागतं.

यंदा आमची सात पोरं मेरिटमध्ये आली आणि त्यातल्या पाच पोरी आहेत.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं शिक्षक जादा तास घ्यायचो. सॅटचं विज्ञान, समाजशास्त्र, गणित पोरं वर्गात शिकतच असतात, मॅटला मात्र बिचकतात, कारण फासे, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, कॅलेंडर हे कुठल्या पुस्तकात धडा म्हणून नसतं. फाशाच्या प्रश्नावर तर सगळा वर्ग अडायचा. एका पोरीनं काय केलं, चौकोनी खोडरबर घेतलं, सहा बाजूंवर पेनानं आकडे लिहिले आणि ते फिरवून फिरवून शेजारणीला दाखवायला लागली. पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या कंपासमध्ये आकडे लिहिलेली खोडरबरं. परीक्षेत खोडरबर फिरवता येणार नाही हे तिनंच सगळ्यांना सांगितलं आणि मग डोळे मिटून मनात फासा फिरवायची स्पर्धा लावली. मी बाजूला उभी राहून बघत होते, मला एवढं चांगलं शिकवता आलं नसतं.

या पोरीची आई तीन घरची कामं करते. थोरल्या बहिणीची शाळा दहावीनंतर थांबली. हिच्याबद्दलही घरात तेच चाललं होतं, दहावी झाली की बास, कुठंतरी दुकानात लावू. निकाल लागल्यावर आई शाळेत आली आणि मला म्हणाली, "मॅडम, बारावीपर्यंत मिळणार ना पैसं, मग बारावीपर्यंत हिला कोण काढतंय बघतोच." बारा हजारात शिक्षण होत नाही हे त्या माउलीलाही कळतं. पण घरात जेव्हा हिची शाळा बंद करायची का असा विषय निघेल तेव्हा पोरीच्या बाजूनं बोलायला तिच्या स्वतःच्या नावाचं पासबुक आहे, आणि ते तिनं स्वतः कमावलंय. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. पोराची शाळा घरात ठरते आणि घरात पैशाचा विचार होतो, हे महाराजांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आज आठवीनंतरच्या पोरींसाठी तेच काम ही शिष्यवृत्ती करते असं मला मनापासून वाटतं.

मेरिटमध्ये न आलेल्या पण पास झालेल्या मराठा आणि कुणबी समाजातल्या पोरांना राज्य सरकारच्या सारथी संस्थेकडनं छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती मिळते, वर्षाला ९,६०० रुपये, तीही बारावीपर्यंत. आमच्या काही पोरांचे ते अर्ज चाललेत. त्यामुळं निवड यादीत नाव नाही म्हणून रडत बसलेल्या पोरांच्या पालकांनी आधी शाळेत येऊन विचारावं, घरी बसून गप्प राहू नये.

दोन गोष्टी मात्र टोचतात. एक म्हणजे रक्कम. ही योजना २००८ ला सुरू झाली तेव्हा वर्षाला ६,००० होते, २०१७ ला १२,००० झाले आणि त्यानंतर तेवढेच राहिले. तेव्हाचं वह्यांचं, केएमटीच्या पासचं, गाईडचं बिल आणि आत्ताचं बिल कुठल्याही आईला विचारा. ही रक्कम वाढलीच पाहिजे. दुसरी गोष्ट कागदांची. आधारवर नाव एक, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, बँकेत तिसरं, कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं आडनाव आधी, आणि मग पोर्टल अर्ज घेत नाही. खातं आधारला जोडलेलं नसलं तर निवड होऊनही पैसे येत नाहीत. शिवाय दरवर्षी रिन्यूअल भरायला लागतं, नववीला ५५ आणि दहावीला ६० टक्के टिकवायला लागतात. मागच्या बॅचच्या एका पोराचं रिन्यूअल ज्युनिअर कॉलेज बदलल्यावर राहून गेलं, हुशार पोरगा, नुसत्या तारखेपायी वर्षाचे पैसे गेले. म्हणून आता आम्ही अकरावी-बारावीला गेलेल्या पोरांचाही व्हॉट्सअॅप ग्रुप ठेवलाय आणि पोर्टल उघडलं की त्यांच्या मागं लागतो.

हे वाचणाऱ्यांत कुणाचं पोर यंदा सातवीतनं आठवीत जात असेल, किंवा तुमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींचं असेल, तर मे महिन्यातच उत्पन्नाचा दाखला काढायला सांगा, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून बघा, आणि पोराच्या नावानं बँकेत खातं उघडा. शाळेला विचारा की तुम्ही एनएमएमएसला पोरं बसवता का. बसवत नसतील तर का नाही तेही विचारा, फॉर्म शाळेच्या लॉगिनमधनंच भरला जातो.

आणि शहरात कुणी रिटायर्ड शिक्षक असतील, बँकेत नाहीतर इंजिनिअरिंगला असलेली मंडळी असतील ज्यांना शनिवारी दुपारी दोन तास काढता येतील, तर आम्हाला मॅट शिकवायला माणसं पाहिजेत. आठवीची नवी बॅच मोठी आहे आणि यंदाच्या सातजणांनी आपण होऊन सांगितलंय की एकेका शनिवारी येऊन धाकट्यांना फासे आम्ही शिकवू. जून उजाडला की तास सुरू करतोय.