मण्यार, मच्छरदाणी आणि पाड्यावरचा भगत

जूनचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडले की बिळांत पाणी शिरतं, उंदीर घराचा आसरा धरतात आणि त्यांच्या मागोमाग साप येतो. मोखाडा, जव्हार, विक्रमगडच्या पाड्यांवर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथे जाऊन "पावसाळ्यात साप निघतात, जपून राहा" असं सांगणं म्हणजे वेसाव्याच्या कोळ्याला समुद्र खारट असतो हे शिकवणं. तरी आरोग्यशिक्षण म्हणून वर्षानुवर्षं हेच चाललंय. फणा काढलेल्या नागाचं पोस्टर, खाली दहा सूचना, एक फोटो, चहा, परतीची जीप.

मी महापालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स होते आणि नोकरीतली बरीच वर्षं अतिदक्षता विभागात गेली. राहते परळला. निवृत्त झाल्यापासून आम्ही काही जुन्या मैत्रिणी कसारा लोकल पकडतो, पुढे जीपने विहीगाव, खोडाळा करत मोखाड्याच्या पाड्यांवर जातो. तिथे बोलण्यासारखं खूप आहे: बाळंतपण, कुपोषण, सिकलसेल, क्षयरोग. पण पावसाळ्याआधीच्या भेटीत मी एकच विषय घेते, मण्यार. एका बैठकीत दहा गोष्टी सांगितल्या तर घरी एकही जात नाही.

मण्यारच का? नाग चावला की माणसाला कळतं. घोणस चावली की पाय सुजतो, आग होते, घरचे धावाधाव करतात. मण्यार मध्यरात्रीनंतर, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि बऱ्याचदा त्याला जागही येत नाही. सूज नाही, दुखणं नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, घसा दुखतो. घरातले म्हणतात, रात्रीचं काही बाधलं असेल. मग पापण्या जड होतात, शब्द नीट उमटत नाहीत, थुंकी गिळता येत नाही. शेवटी श्वासाचे स्नायूच काम करेनासे होतात.

एक मुलगा मला आजही जसाच्या तसा दिसतो. आठ-नऊ वर्षांचा, अंगात शाळेचाच शर्ट. पोटदुखी म्हणून निघाला आणि दोन दवाखाने फिरून आमच्याकडे पोहोचला तेव्हा डोळे मिटलेले, हात उचलून सोडला की धपकन खाली. बापाने विचारलं, "गेला का?" त्याला व्हेंटिलेटर लावला होता. मण्यारच्या विषाने स्नायू लुळे पडतात, मेंदू जागा असतो. बुबुळंसुद्धा हलत नाहीत, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं संपलंय असं वाटतं, पण कान शाबूत असतात. आमच्या मोठ्या सिस्टर त्याच्या उशाशी उभ्या राहून रोज त्याच्याशी बोलायच्या, आता सुई टोचते हं, आता कूस बदलते, बाबा बाहेर बसलेत. काही दिवसांनी त्याच्या पायाचा अंगठा हलला. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात त्याने विचारलं, त्या रोज बोलणाऱ्या बाई कुठे आहेत?

पाड्यावर मी हीच गोष्ट सांगते, आणि तिच्यातून निघणारं काम सांगते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणालं, तर आधी पापण्या बघा. वर बघ म्हणा. पापणी पूर्ण उघडत नसेल तर सकाळ व्हायची वाट बघू नका. वाटेत श्वास थांबला तर "गेला" म्हणून गाडी माघारी वळवू नका, तोंडाने श्वास देत राहा. १०८ च्या गाडीत श्वास द्यायची पिशवी असते, तिच्या जोरावर माणूस मोठ्या रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचू शकतो.

मला चीड येते ती अंतराची. सर्पदंशाची लस, म्हणजे साप चावल्यावर द्यायचं प्रतिविष, आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर मिळून एकच असते, घोड्यांच्या रक्तातून तयार होते. तिच्याशी ज्या हाफकिनचं नाव जोडलेलं आहे, ती १८९९ साली सुरू झालेली संस्था माझ्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. मुंबईतच, आरेच्या केलटीपाड्यासारख्या पाड्यांवर वारली कुटुंबं राहतात. तिथेही रस्ते, पाणी, वीज यांचे हाल आहेत, पण रात्री कुणाला साप चावला तर गाडी मिळाल्यावर व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय फार लांब नाही. मोखाड्याच्या आतल्या पाड्यावर तोच वारली माणूस आधी झोळीत बसून डांबरी सडकेपर्यंत येतो. मग आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, आणि श्वास थांबायला लागला की त्र्यंबकचा घाट ओलांडून नाशिक. मण्यारचं विष एकदा नसांच्या टोकांना घट्ट चिकटलं की लस त्याला तिथून सोडवू शकत नाही. म्हणून तिथे जाणारा प्रत्येक तास महाग पडतो.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये कृती आराखडा आणला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलंय. चांगलंच आहे. पण निम्म्यावर आणायचे ते मृत्यू कुठल्या घरात, किती वाजता होतात हे बघितल्याशिवाय ते होणार नाही.

तर घरात बघू. कुडाचं घर, शेणाने सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात भाताची नाहीतर नागलीची कणगी. झोपायची जागा बहुतेक वेळा कणगीच्याच बाजूला, कारण पावसात तेवढाच भाग कोरडा. कणगीपाशी उंदीर, तिथेच मण्यार. खाटा घ्या असं सांगणं सोपं आहे, पण माणसं सहा आणि जागा एवढीशी. मच्छरदाणी मात्र बऱ्याच घरांत असते, हिवतापासाठी सरकारने दिलेली. ती गुंडाळून आढ्यावर ठेवलेली असते, किंवा तिने कोंबडीची पिल्लं झाकलेली असतात.

मच्छरदाणी नीट लावली तर मण्यारपासूनही वाचवते. "नीट" म्हणजे काय हे आम्ही प्रत्यक्ष घरात लावून दाखवतो. एका घरात आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली मुलगी पुढे झाली. दोऱ्या आखूड होत्या, वाशापर्यंत पोहोचेनात. तिने जुन्या साडीच्या काठाच्या चिंध्या फाडून जोडल्या. मग अंथरूण कणगीपासून ओढून मध्ये घेतलं, चुलीपासून लांब. मच्छरदाणीची खालची कड चारी बाजूंनी गोधडीच्या खाली खोचली, हातभर आत. तिची आजी म्हणाली, "रात्री बाहेर जायचं झालं तर?" मुलीने विजेरी आतल्या बाजूला उशाशी ठेवली आणि आजीला सांगितलं, आधी उजेड टाकायचा, मग कड उचलायची, परत आलीस की पुन्हा खोचायची. आजीने दोनदा करून बघितलं. मी त्या घरात एक शब्द बोलले नाही. आश्रमशाळेत एका ओळीत जमिनीवर झोपणाऱ्या मुलांना मच्छरदाण्या का मिळत नाहीत, हेही त्याच मुलीने विचारलं. त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, ते ज्यांनी द्यायचं त्यांना आम्ही लेखी विचारलंय.

आता भगत, म्हणजे पाड्यावरचा मंत्र घालणारा वैदू. शहरातली मंडळी त्याचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्याला बाजूला ठेवून पाड्यावर सर्पदंशाबद्दल काही शिकवता येईल असं मला वाटत नाही. रात्री दोन वाजता दार वाजवल्यावर उठणारा, आजारी माणसावर खेकसत नाही असा, घरातल्या सगळ्यांना नावाने ओळखणारा माणूस तोच असतो. आणि त्याला यश येतं हे खरं आहे. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही, तेव्हा ती माणसं मंत्राने बरी झाली असं दिसतं. मण्यारसारखा अंगावर पांढरे पट्टे असलेला कवड्या साप घरात सर्रास येतो, तो अगदी निरुपद्रवी. त्याच्या दंशातून "वाचलेले" पाड्यागणिक भेटतील.

आमच्या एका पाड्यावरचे भगत सत्तरीचे असतील. त्यांना मी म्हटलं, "बाबा, तुमचा मंत्र सोडा असं मी म्हणत नाही. पण कापू नका, करकचून बांधू नका, मिरची-कडुलिंब खायला घालू नका. गिळता येत नसेल तर तेच घशात अडकून माणूस जाईल." ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "पोटरीला चावलं आणि पोट दुखलं, असं दोघातिघांचं झालं. माझ्याच्याने एकही नाही वाचलं." त्यांना मण्यारची लक्षणं माझ्याइतकीच माहीत होती. कुठे न्यायचं आणि गाडीचं काय करायचं, एवढंच त्यांच्या हातात नव्हतं. आता ठरलंय ते असं: बोलावणं आलं की भगत आधी पापण्या बघणार, हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू न देता ठेवणार, गाडी बोलवायला सांगणार आणि स्वतः गाडीत बसणार. मंत्र गाडीत. रुग्णाचा धीर टिकतो, आणि भगत सोबत आहेत म्हटल्यावर घरचे निघायला वेळ लावत नाहीत. मेळघाटात भूमकांना, म्हणजे तिथल्या भगतांना, सोबत घेऊन असं काम करायचे प्रयत्न झालेले आहेत. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची देखभाल शिकवली आणि बालमृत्यू खाली आले, हे तर १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. विंचवाच्या दंशावरचं मोठं काम डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या लहान गावात राहून केलं. बाहेरून आलेल्या माणसाने शिकवायचं ते कुणाला, याचा विचार आपल्याकडे झालेला नाही असं नाही.

भगतांनीच मग आम्हाला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला, "१०८ ला फोन लावायला टेकडीवर चढावं लागतं. रेंज मिळाली तरी गाडी खोडाळ्यातून येणार की आणखी लांबून?" म्हणून शाळेच्या भिंतीवर जवळच्या दोन जीपवाल्यांचे नंबर रंगवले. दोघांनीही रात्री कधीही उठवा असं सांगितलंय. आरोग्य केंद्रात लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि रात्री कोण ड्युटीवर आहे, हे दर सोमवारी आशाताई गावात सांगणार. पहिल्या डोसलाच साधारण दहा कुप्या लागतात आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच लस द्यावी लागते, त्यामुळे दोन कुप्या असलेल्या केंद्रावर तासभर घालवण्यापेक्षा थेट पुढे गेलेलं बरं, हे लोकांना आधीच माहीत असलं पाहिजे.

अडलंय ते डिझेलवर. रात्री जीप न्यायची तर पैसे कोण देणार? जीपवाले गरीब, घरचे त्याहून गरीब. पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांच्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध (कामाची अट नसलेला) निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू व्हायच्या आत ग्रामसभा आहे. तिच्यात हा विषय मांडायचं ठरलंय, आणि तो भगतच मांडणार आहेत.