रोहित मोजताना टॅली लागत नाही

एकतीस वर्षं बँकेत कॅशला बसले. रोज संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय उठायचं नाही. एक रुपया कमी निघाला तर नाहीच, जास्त निघाला तरी नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर सोसायटीच्या ग्रुपवर ‘रोहित मोजायला माणसं हवीत’ असा मेसेज आला, तेव्हा वाटलं, मोजणं मला कोण शिकवणार!

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. नेरुळला पाम बीच रोडपलीकडे, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाण्यावर हिवाळ्यापासून जो गुलाबी पट्टा दिसतो, तो यांचा. मे संपता संपता ते कच्छच्या रणाकडे, गुजरातच्या बाजूला निघतात. निघण्याआधी किती आहेत ते टिपायचं होतं.

शिकवणारी पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. तिने लॅपटॉपवर थव्याचा फोटो तीन सेकंद दाखवला आणि विचारलं, “काकू, किती?” मी म्हटलं, दोनशे. निघाले चारशे साठ. मोठा थवा असला की नवखे बहुतेक कमीच सांगतात म्हणे. मग तिने युक्ती सांगितली. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते डोळ्यात भरून घ्यायचं, तसे दहा गट म्हणजे शंभर, आणि मग शंभरचा तो तुकडा थव्यावर एका टोकाकडून पुढे सरकवत न्यायचा. मी म्हटलं, “अगं, ही तर गड्डी!” फरक इतकाच की आमच्या गड्ड्या सारख्या जाडीच्या असायच्या. इथे कडेचे पक्षी विरळ आणि मधले एकमेकांना चिकटलेले.

दोन जाती वेगळ्या लिहायच्या असतात. लहान रोहिताची चोच गडद लाल, जवळजवळ काळपट. मोठ्याची फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. पुस्तकात सोपं आहे. प्रत्यक्षात अर्धे पक्षी एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेले. मग शेजारच्याच्या उंचीवरून ठरवायचं. करड्या पिल्लांचा रकाना आणखी वेगळा.

खरा साहेब मात्र भरती. ओहोटीला रोहित ठाणे खाडीच्या चिखलावर पांगून खात असतात, तिथे किनाऱ्यावरून मोजणं अशक्य. भरतीने चिखल बुडाला की ते विसाव्याला नेरुळच्या या पाणथळींवर येतात. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत पाणी फारसं चढत नाही, थोडा चिखल उघडाच राहतो आणि बरेच पक्षी खाडी सोडतच नाहीत. म्हणून उधाण, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती गाठायची. आणि आपल्याकडे पौर्णिमेची भरती येते भर दुपारी! खाडीत मासेमारी करणाऱ्या करावे गावच्या एका काकांना हे सगळं तोंडपाठ होतं. मी मात्र तक्ता छापून फ्रिजवर लावला.

तर हनुमान जयंतीला देवळातला सुंठवडा तोंडात टाकून अकरा वाजता बांधावर हजर. छत्री, पाणी, दुर्बीण आणि हातात क्लिकर. शंभराच्या तुकड्याला एक क्लिक. साडेबारापर्यंत पाण्यावरची हवा अशी थरथरायला लागली की एकेका पक्ष्याला चार पाय दिसावेत. तेवीस क्लिक झाले आणि कुठूनसा एक कुत्रा पाण्यात शिरला. थवा उठला. काळ्या-लाल पंखांचं ते आभाळ बघताना मी मोजायला आले आहे हेच विसरले. पुन्हा बसले तेव्हा सगळी मांडणी बदललेली. शून्यापासून सुरुवात.

मी आणि ती शिकवणारी पोरगी, दोघींनी वेगवेगळं मोजायचं, संपेपर्यंत आकडा सांगायचा नाही, हा नियम. माझे निघाले २,८००, तिचे ३,३००. पाचशेचा फरक! बँकेत असते तर रात्र तिथेच गेली असती. “काकू, हे उडतात, नोटा नाहीत.” मी म्हटलं, “नोटाही उडतात गं.” पण पुन्हा मोजायला लावलंच. दुसऱ्या खेपेला ३,००० आणि ३,२००. तिने सरासरी लिहिली. मला ती सरासरी घरी आल्यावरही टोचत होती.

२०१५ साली ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. पण भरतीच्या वेळी पक्षी जिथे येऊन उभे राहतात, ती नेरुळची पाणथळ अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. कागदावर आकडा नसेल तर पाणथळीला मोकळा प्लॉट म्हणायला किती वेळ लागतो? हे कळल्यापासून अंदाजाचा आकडाही मी जपून लिहिते.

नंतर दर उधाणाला जात राहिले. रोहित रात्री निघतात, त्यामुळे जाताना एकही दिसला नाही. फक्त क्लिक कमी होत गेले. मेअखेरीस गेले तेव्हा गड्डी लागलीच नाही. एकेक करून मोजले, एक्केचाळीस. उलट्या बाजूने परत मोजले. एक्केचाळीस.