दोनदा बदललेला स्टिअरिंग बॉक्स

काकांनी पिकअप गॅरेजच्या दारात लावली आणि खाली उतरताच म्हणाले, "मिस्त्री, बॉक्स दोनदा बदलून झाला. तिसरा घालायचा तर तसं सांग. पण पोराला आता या गाडीवर पाठवायची माझी छाती होत नाही."

जुलैचे शेवटचे दहा दिवस उरले होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हर्णैच्या होड्या वर ओढून झाकलेल्या असतात आणि नाखवा मंडळी जाळी, इंजिनं, गाड्या अशी राहिलेली सगळी कामं उरकून घेतात. बंदी उठली की ही पिकअप बंदरावरून मासळीचे क्रेट घेऊन दापोली चढणार आणि परत येताना बर्फ घेऊन उतरणार, दिवसातून दोन-तीनदा. ती चालवतो काकांचा मुलगा. आसूदच्या उतारावर एका वळणानंतर स्टिअरिंग सरळ झालंच नाही, समोरून एसटी येत होती. त्याने गाडी कशीबशी डाव्या गडग्याला घासून थांबवली. हे सांगताना तो पोरगा माझ्याकडे बघत नव्हता. चूक आपलीच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

गाडी जुन्या जीपच्या वळणाची. पुढे दोन्ही चाकांना जोडणारा सलग अ‍ॅक्सल, खाली स्प्रिंगचे पाटे, चक्राचं फिरणं चाकांकडे पोचवणारा पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स उजव्या चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्ट केलेला. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, रुतते म्हणून वर्षापूर्वी एका गॅरेजमधून ती उचलून घेतली होती. पाट्यांचा बाक वाढवून एकेक जादा पाटा टाकलेला, शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी, दोन इंच जास्त लांब, मोठे टायर. मिळून चार इंच. तेव्हापासून तक्रारी सुरू झाल्या: सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, वळणानंतर चाकं आपोआप सरळ होत नाहीत, खड्ड्यात आपटली किंवा जोरात ब्रेक दाबला की डावीकडे जाते, आणि स्टिअरिंगला चार बोटं प्ले, म्हणजे चाकं न वळता चक्र नुसतंच फिरायचं.

मी आधी ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून निघणारा दांडा, बघतो. उचललेल्या गाडीत तिथून चाकांकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकचा कोन बिघडला की काही जण तो आर्म गॅसवर लाल करून वाकवतात. असा तापवलेला आर्म कधी तुटेल याचा नेम नसतो, आणि तो तुटला की हातात नुसतं चक्र राहतं. इथे तसं काही नव्हतं. मनात तेवढं हायसं वाटलं.

मग ड्रॅग लिंक सोडली आणि बॉक्सचे फेरे मोजले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार, म्हणजे मध्य दोनवर. लिंक परत जोडून चाकं सरळ केली, तर डावीकडे पावणेदोन फेरे उरले आणि उजवीकडे सव्वादोन. कारण सरळ आहे. गाडी वर गेली, अ‍ॅक्सल खाली राहिला, लिंक तिरकी झाली आणि तिची आडवी पोच कमी पडली. चाकं उजवीकडे ओढली गेली, म्हणून सरळ जायला स्टिअरिंग पाव फेरा डावीकडे धरावं लागू लागलं. यावर लिंकची लांबी जुळवायची असते. त्याऐवजी कोणीतरी चक्र काढून काही दाते फिरवून परत बसवलं होतं. चक्र दिसायला सरळ, आतला बॉक्स मात्र कायम मध्याच्या बाजूला.

इथे बॉक्सचा स्वभाव माहीत असावा लागतो. या जातीचा बॉक्स बरोबर मध्यावर सर्वांत घट्ट असतो आणि बाजूला गेलं की मुद्दाम थोडा सैल ठेवलेला असतो. सरळ रस्त्यावर गाडी त्या सैल जागेत चालत होती, म्हणून प्ले. तो घालवायला वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पिळलेला होता, नटावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. त्याने प्ले तर गेला नाहीच, उलट मध्यावरून जाताना बॉक्स आवळायला लागला. वळणानंतर स्टिअरिंग अडकायचं त्याचं अर्धं कारण हे. माझ्या अंदाजाने पहिला बॉक्सही ठीकच असणार. काकांचे त्यावर गेलेले पैसे आठवले की अजून वाईट वाटतं.

उरलेलं अर्धं कारण शॅकलमध्ये होतं. या गाडीत पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती दोन इंच लांब केली की गाडी उचलते फक्त एक इंच, पण पाट्याचं पुढचं टोक दोन इंच खाली येतं आणि त्याच्याबरोबर अख्खा अ‍ॅक्सल पुढे कलंडतो. चाळीस इंचांच्या पाट्यावर हे जवळजवळ तीन अंश भरतात. मूळ कास्टर, म्हणजे चाक ज्या खुंटावर वळतं त्या किंगपिनचा मागे झुकता कोन, असतो तीनेक अंशांचाच. कोनमापक लावला तर काटा शून्याच्या आसपास. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून ती हात सोडला तरी सरळ जाते. तो उभा केला तर काय होईल, तेच या गाडीचं झालं होतं.

पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं. थोडी खळखळ होती. हाताखालच्या मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, तरी ती गेली नाही. ब्रेक दाबल्यावर खळखळ थांबली तर हब बेअरिंग, राहिली तर किंगपिन. डावीकडचा टाय रॉड एंड, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा, तर संपलेलाच, रबर फाटून आत वाळू आणि खार.

इतकं सापडल्यावर कोणीही म्हणेल, झालं निदान. मलाही तसं वाटलं होतं. पण सामानाची यादी करण्याआधी गाडी जमिनीवर ठेवून, इंजिन चालू करून मी हाताखालच्या मुलाला स्टिअरिंग पाव पाव फेरा डावी-उजवीकडे हलवायला सांगतो आणि स्वतः खाली झोपतो. प्रत्येक सांध्यावर तळवा ठेवायचा. डोळ्याला न दिसणारी हालचाल हाताला कळते. टाय रॉड एंड, लिंकची दोन्ही टोकं, ड्रॉप आर्म असं करत बॉक्सवर हात आला. आणि ड्रॉप आर्म हलायच्या आधी बॉक्सच हलला. बोल्ट घट्ट होते. बॉक्सबरोबर चेसिसची बाजू श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होत होती.

चेसिसवर गंज लागू नये म्हणून डांबरासारखा काळा थर दिलेला होता. बंदरावरच्या गाडीला तो हवाच, पण त्याच्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. बॉक्सच्या मागच्या बोल्टापाशी थरातून एक तांबूस ओघळ आलेला दिसला. तिथे खरवडलं, तारेचा ब्रश मारला. बोल्टाच्या भोकातून निघालेली बोटभर चीर.

चीर जिथे दिसायची थांबते तिथे ती संपते असं नसतं. जागा पुसून रॉकेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरडं केलं आणि वर्गातला पांढरा खडू किसून चोळला. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू परत वर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. रेघ उमटली, दिसत होती त्याच्या दीडपट लांब. वरच्या बोल्टापासून दुसरी एक बारीक रेघ खाली येत होती. दोघींमध्ये अंगठ्याएवढा पत्रा शिल्लक होता.

काकांना खाली वाकून बघायला लावलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "तुझी चूक नव्हती रे." तो बाजूला जाऊन उभा राहिला.

चीर का पडली? मोठे टायर, ओली पुळण, रुतलेली गाडी आणि जागच्या जागी पूर्ण पिळलेलं स्टिअरिंग. पॉवर स्टिअरिंग हाताला हलकं लागतं, पण तो सगळा जोर चार बोल्टांच्या जागी चेसिसवर येतो.

दुरुस्ती तीन दिवस चालली. वेल्डिंगला मी होड्यांची कामं करणाऱ्या एका जुन्या कारागिराला बोलावलं. जुलैत कोकणात वेल्डिंगचे रॉड हवेतला ओलावा पितात आणि त्याने सांधा आतून कच्चा राहतो. हा माणूस रॉड पत्र्याच्या डब्यात बल्ब लावून कोरडे ठेवतो आणि वापरण्याआधी भट्टीत तापवून घेतो. बॅटरी सोडली, बॉक्स उतरवला. चिरांच्या टोकांना भोकं पाडली म्हणजे त्या पुढे सरकत नाहीत. मग चीर खोल कोरून भरली, सपाट केली, वर सहा मिलिमीटरची पट्टी. पट्टीची टोकं त्याने निमुळती ठेवली आणि तिथे आडवा टाका मारला नाही, नाहीतर नवी चीर त्या टाक्याच्या कडेलाच जाते. बोल्टांच्या भोकांत आरपार नळ्या बसवल्या, त्यामुळे बोल्ट आवळताना चेसिस चेपत नाही.

शॅकलवरून काकांशी वाद झाला. मी म्हटलं, मूळ लांबीची घालू, एक इंच जाईल. पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये पाचर घालूनही कोन परत आणता येतो, पण त्याने पुढच्या डिफरन्शियलचं नाक खाली जातं आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. त्यांना उंची सोडवत नव्हती. शेवटी विचारलं, "काका, पुळणीवर उतरताना हवा किती ठेवता?" रस्त्यावर असते तीच, पस्तीस. मग पुळणीवर अठरा-वीसपर्यंत हवा कमी करा म्हटलं, टायर पसरतो आणि रुतत नाही. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी मात्र परत भरायचीच, म्हणून छोटा काँप्रेसर घ्यायला लावला. एक इंच त्यांनी सोडला.

राहिलेल्या तीन इंचांसाठी कारखान्यात घडवलेला खोल ड्रॉप आर्म पुण्याहून मागवला, त्याने लिंक पुष्कळशी आडवी आली. किंगपिनची बेअरिंगं आणि टाय रॉड एंड नवे. बॉक्स मध्यावर धरून लिंकची लांबी जुळवली, चक्र मूळ जागी बसवलं, पिळलेला स्क्रू सोडून मध्यावर नीट लावला. टो, म्हणजे समोरच्या दोन चाकांची एकमेकांकडे असलेली ओढ, पुढून दोन मिलिमीटर आत.

चाचणीला काकांच्या मुलालाच चालवायला बसवलं. पाऊस धो धो होता. आसूदच्या त्या वळणावर त्याने आधीच वेग इतका कमी केला की मागच्या रिक्षेने हॉर्न मारला. मी म्हटलं, वळण संपताना पकड सैल सोड, हात चक्रावरच ठेव. चक्र त्याच्या तळव्यांखालून सरकत आपोआप मध्यावर आलं. तो काही बोलला नाही. खाली हर्णैला जाऊन गाडी वळवली आणि चढताना त्याने त्या वळणावर पुन्हा पकड सैल केली.

पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि बॉक्सचे बोल्ट परत आवळायला बोलावलं होतं. ऑगस्टच्या अखेरीस तो आला, क्रेटांतल्या पाण्याचा वास घेऊनच. बोल्ट आवळून झाल्यावर मी पट्टीच्या कडा पुसल्या, रॉकेल लावलं, खडू चोळला. पंधरा मिनिटं आम्ही दोघं खाली झोपून बघत होतो. खडू कोरडाच राहिला.