काशीच्या राजाचा आड

मुलीकडे रेडिंगला गेलं की तिसऱ्या आठवड्यात मला करमेनासं होतं. अशाच एका रविवारी जावयांनी गाडी काढली. म्हणाले, "आई, चला, तुम्हाला विहीर दाखवतो." जिचं लहानपण रहाट ओढण्यात गेलं तिला विहीर काय दाखवणार! पण बोलले नाही. फिरायला मिळतंय तर कशाला बोला.

स्टोक रो हे ऑक्सफर्डशायरमधलं, चिल्टर्न टेकड्यांवरचं गाव. चर्च, पब, नीट कापलेली कुंपणं. इंग्लंडात असतं तसंच सगळं. आणि रस्त्याच्या कडेला, लोखंडी खांबांवर पेललेला घुमट! आत पोहरा ओढायचं यंत्र आणि त्यावर चक्क सोनेरी हत्ती.

मी तोंडाची रुंदी नजरेनं मापली. जेमतेम चार फूट. खोली ३६८ फूट, म्हणजे दीड कुतुबमिनार आत उतरेल, आणि तीही सगळी हातांनी खणलेली. ही विहीर नव्हेच, हा आड. विहिरीवर मोट चालते, पोरं मुटके मारतात. आडात जातो तो फक्त पोहरा. इथे तो भरून वर यायला दहा मिनिटं लागायची म्हणे.

पावसाच्या देशात एवढं खोल का जायचं? तर टेकडी चुनखडीची. कोकणच्या सड्यावर जांभ्यातून पाणी निघून जातं, तसंच इथेही. उन्हाळ्यात डबकी आटली की गाव कोरडं. या भागातले एडवर्ड रीड हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या नोकरीत होते. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना त्यांनी गावाकडची एक गोष्ट सांगितली होती : घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून एका पोरानं आईचा मार खाल्ला. राजाच्या ते मनात राहिलं. त्यानं पैसे दिले आणि २४ मे १८६४ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, आड गावाला खुला झाला. पाणी फुकट.

राज्य त्यांचं आणि पाणपोई आपली, याची गंमत वाटलीच. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिली ती मारणारी आई. कळशी सांडली म्हणून मीही पाठीत धपाटा खाल्लाय, आणि नंतर आईला चुलीपाशी डोळे पुसताना पाहिलंय. काशीत बसून राजाला ते घर कसं दिसलं असेल?

शेजारी आड राखणाऱ्याचं अष्टकोनी, बाहुलीघराएवढं घर आहे. आडाचा खर्च निघावा म्हणून राजानं चेरीची बागही लावून दिली. तिचं नाव इश्री बाग. हे मात्र मला फार आवडलं. आड खणून देणारे पुष्कळ, दोर कुजल्यावर नवा कोण आणणार याचा विचार करणारा विरळा.

"कशी वाटली विहीर?" परतताना जावयांनी विचारलं.

"आड," मी म्हटलं.